ड्रायडन विकत घेण्याआधी पानाचा तळ बघा

इंग्लंडात १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर परतला. पुढची काही दशकं तिथल्या कवींनी एकमेकांची, मंत्र्यांची आणि खुद्द राजाचीही पद्यात यथेच्छ धुलाई केली. ती आज वाचताना भाषेचा फारसा त्रास होत नाही, इंग्रजी बरंचसं आजचंच आहे. त्रास होतो तो माणसांचा. टोमणा कुणाला, कशावरून आणि कोणत्या आठवड्यात मारलाय हे कळलं नाही तर ओळ गुळगुळीत लागते आणि विनोद हुकतो. म्हणून या कवितेची आवृत्ती निवडताना मुखपृष्ठ, कागद, प्रस्तावनेची लांबी हे सगळं नंतर. आधी बघायचं ते टीप कुठे छापली आहे आणि त्या टिपेत काय आहे.

बाजारात आणि इंटरनेटवर त्या काळचा कवी आणि नाटककार जॉन ड्रायडन याची जी पुस्तकं मिळतात त्यांचा हा परामर्श याच एका निकषावर आहे. ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्समधलं कीथ वॉकर संपादित 'द मेजर वर्क्स', पेंग्विनचं झ्विकर आणि बायवॉटर्स यांचं 'सिलेक्टेड पोएम्स', लाँगमन मालिकेतली पॉल हॅमंड आणि डेव्हिड हॉपकिन्स यांची पाच खंडी आवृत्ती व तिच्यातून निघालेला २००७चा एकखंडी निवडक संग्रह, आणि फुकटात मिळणारा वॉल्टर स्कॉटचा जुना ड्रायडन. नाटकांचा हिशेब वेगळा आहे, तो पुढे.

आवृत्ती पारखायला 'अॅब्सलम अँड अकिटोफेल' ही १०३१ ओळींची कविता पुरते. नोव्हेंबर १६८१ मध्ये ती निनावी छापून आली तेव्हा अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता आणि त्याच्यावर खटला चालवायचा की नाही हे आठवड्याभरात ठरायचं होतं. पंचांनी आरोपपत्र फेटाळलं ही गोष्ट निराळी. चार्ल्सला औरस मूल नव्हतं. गादीचा वारस म्हणजे भाऊ जेम्स, तो कॅथलिक आणि देश प्रॉटेस्टंट. म्हणून त्याला वगळून राजाचा अनौरस मुलगा ड्यूक ऑफ मन्मथ याला पुढे करावं, हा शाफ्ट्सबरीच्या गोटातला डाव. ड्रायडनने हे सगळं बायबलातल्या दावीद राजाच्या घरात नेऊन बसवलं. चार्ल्स म्हणजे दावीद, मन्मथ म्हणजे अबशालोम, शाफ्ट्सबरी म्हणजे त्याला फूस लावणारा अहिथोफेल.

मराठी बायबल घरात असेल तर आधी '२ शमुवेल'चे १३ ते १८ हे अध्याय वाचून काढावेत, तासाभराचं काम आहे. एवढं केलं की अर्ध्या टिपांची गरज उरत नाही आणि ड्रायडन मूळ कथेपासून कुठे हटला तेही दिसतं. बायबलात अहिथोफेल गळफास घेतो आणि अबशालोम झाडाला अडकून मारला जातो. ड्रायडन त्याच्या खूप आधी थांबतो, कारण राजाच्या लाडक्या पोराला कवितेत मारणं परवडणारं नव्हतं. वाचकांना उद्देशून लिहिलेल्या गद्य प्रस्तावनेत तो हा मुद्दा अगदी साळसूदपणे मांडतो. ही प्रस्तावना कवितेचाच भाग आहे. ती गाळून थेट पहिल्या ओळीवर येणारी आवृत्ती घेऊ नका. स्वस्त पुनर्मुद्रणांत आणि परीक्षेच्या गाइडांत ती हमखास गायब असते.

आता सुरुवातीच्या दहा-बारा ओळी. "इन पायस टाइम्स, एअर प्रीस्टक्राफ्ट डिड बिगिन, बिफोर पॉलिगमी वॉज मेड अ सिन" अशी थेट धर्मग्रंथाच्या थाटात सुरुवात होते. मग राजाच्या प्रेमप्रकरणांवर ही ओळ येते: "हिज व्हिगरस वॉर्म्थ डिड, व्हेरियसली, इम्पार्ट". 'व्हेरियसली'च्या अलीकडे-पलीकडे दोन स्वल्पविराम आहेत आणि सगळी गंमत त्यांच्यात आहे. ओळ तिथे अडखळते, डोळा मिचकावते आणि पुढे जाते. हे स्वल्पविराम उडवलेली ई-पुस्तकं सर्रास फिरतात. त्यांत हीच ओळ एखाद्या स्तुतिपाठकाची वाटते. नमुन्याची पानं उघडून हे तपासायला अर्धं मिनिट लागतं.

लगेच अकराव्या ओळीत मायकल ही राणी येते. राजवंशातली, मुकुटधारी, पण कसणाऱ्याच्या कष्टांना न जागणारी जमीन. ही मायकल म्हणजे चार्ल्सची पोर्तुगीज राणी, ब्रगांझाची कॅथरिन. १६६१च्या विवाहकराराने जिच्या आंदणात मुंबई बेट इंग्रजांना मिळालं, तीच ही. १६६८ मध्ये चार्ल्सने ते बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं. मुंबईकर वाचकाला एरवी आंदणापुरतीच माहीत असलेली ही बाई इथे एका जहरी ओळीचं लक्ष्य झालेली दिसते, आणि तिला मूल न होणं हीच कवितेतल्या सगळ्या राजकारणाची मुळाशी असलेली अडचण आहे. 'मायकल : दावीदची पत्नी' एवढ्यावर उरकणारी टीप इथे निरुपयोगी.

अकिटोफेलच्या व्यक्तिचित्रात १५६ ते १५८ या तीन ओळी बघा: "अ फायरी सोल, विच वर्किंग आउट इट्स वे, फ्रेटेड द पिग्मी बॉडी टू डिके, अँड ओअर-इन्फॉर्म्ड द टेनमेंट ऑफ क्ले." कविता दोन-दोन ओळींच्या यमकात चाललेली असताना इथे अचानक तिसरी ओळ त्याच यमकाची येते. आत्मा त्या बुटक्या देहात मावत नाही, आणि वाक्य दोन ओळींत मावत नाही. जुन्या छपाईत अशा तीन ओळींना उजवीकडे महिरपी कंस घालायची पद्धत होती, म्हणजे वाचणारा आधीच सावध होई. आधुनिक आवृत्तीत कंस नसला तरी बिघडत नाही, ओळींची मांडणी शाबूत हवी. फोनवर ओळ मोडून दुसरीकडे गेली की यमक कुठलं नि मोडलेला तुकडा कुठला हेच समजेनासं होतं. फोन आडवा धरा, अक्षर दोन पायऱ्या लहान करा. दहा अक्षरावयवांची (सिलेबलांची) ओळ सलग एका रांगेत दिसलीच पाहिजे.

'पिग्मी बॉडी'वर टीप काय म्हणते हीसुद्धा कसोटी. शाफ्ट्सबरी ठेंगणा होता, आजारी होता. १६६८ मध्ये यकृताजवळच्या गळवावर शस्त्रक्रिया होऊन त्याच्या अंगात निचऱ्याची नळी बसवली होती. त्या उपचारांवर देखरेख होती तत्त्वज्ञ जॉन लॉक याची. त्या नळीवरून विरोधकांनी वर्षानुवर्षं चेष्टा केली. हे माहीत असलेल्या लंडनकराला या ओळी काय वाटल्या असतील ते टिपेशिवाय कळायचं नाही.

त्यानंतर १८० ते १९१ या बारा ओळी. इथे शाफ्ट्सबरीची न्यायाधीश म्हणून चक्क स्तुती आहे: हात स्वच्छ, निवाडा जलद, गरिबाला दार उघडं. पहिल्या छपाईत या ओळी नव्हत्या, दुसऱ्या आवृत्तीत आल्या. यावर अभ्यासकांनी बराच काथ्याकूट केला आहे. उपरोधाचा विचार केला तर उत्तर फार अवघड नाही. शत्रूचा एक गुण मोठ्या मनाने कबूल केला की बाकीच्या शिव्या खऱ्या वाटू लागतात. या ओळी मागाहून आल्या हे जी आवृत्ती सांगत नाही, तिच्या संपादकाने पाठाची मेहनत घेतलेली नाही असं खुशाल समजावं.

या चाचण्यांवर लाँगमन सरळ वरचढ ठरते. टीप त्याच पानाच्या तळाशी, प्रत्येक कवितेच्या आधी रचनाकाळ, छपाई, पार्श्वभूमी सांगणारं टिपण, आणि बायबल, व्हर्जिल, मिल्टन यांच्या कुठल्या ओळीची सावली कुठे पडली आहे याचा माग. कधी कधी पानावर कवितेच्या जेमतेम काही ओळी उरतात आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात टिपांची गर्दी होते. सलग रसास्वादाच्या आड ते येतं हे खरं. पण ज्याला कवितेतला झिम्री म्हणजे कोण, शिमेई कोण, कोराह कोण हे दर चार ओळींनी बघायचंय, त्याला मागे-पुढे पानं उलटायला लावणं हा त्याहून मोठा छळ आहे. पाच खंडांचा संच १९९५ ते २००५ या काळात निघाला. तो ग्रंथालयाने घ्यावा, माणसाने घेऊ नये, किंमत तशीच आहे. 'अॅब्सलम' आणि 'मॅक फ्लेक्नो' दोन्ही पहिल्या खंडात येतात. घरी ठेवायला २००७चा निवडक खंड पुरे. एक उणीव मात्र लक्षात ठेवायची. स्पेलिंग आजचं केलेलं असल्यामुळे मूळ छपाईतली मोठी अक्षरं जातात, आणि ड्रायडनच्या काळचा छापखाना भर देण्यासाठी ती वापरत असे.

ऑक्सफर्डचा वॉकर एका जाड खंडात पुष्कळ देतो: प्रमुख कविता पूर्ण, शिवाय समीक्षा आणि भाषांतरांतले वेचे. एकच पुस्तक घ्यायचं आणि ड्रायडनचं गद्यही हवं असेल तर हेच घ्या. टिपा मात्र शेवटी. दोन खुणा ठेवल्याशिवाय वाचन होत नाही, आणि ई-आवृत्ती घेतली तर टिपेवर जाऊन परत मूळ ओळीवर येण्यात लय पार मोडते. पेंग्विनचीही टिपांबाबत तीच व्यवस्था. पुस्तक आटोपशीर, पिशवीत मावणारं, पण आधी एकदा कविता समजून घेतलेल्याला दुसऱ्या वाचनासाठी ठीक. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा २० खंडांचा संच हा पाठ आणि भाष्य या दोन्हींतला अखेरचा शब्द मानला जातो. प्रबंध लिहिणाऱ्याने त्याच्याकडे वळावं. इतरांना तो वाचायला नव्हे, शंका फेडायला लागतो.

'मॅक फ्लेक्नो' २१७ ओळींची. म्हातारा कवी फ्लेक्नो मठ्ठपणाच्या राज्याचा वारस म्हणून नाटककार शॅडवेलला नेमतो, अशी ही थट्टा. तिच्यासाठी तीन गोष्टी बघा. पहिली, रचनाकाळ. थॉमस शॅडवेलने १६८२ मध्ये ड्रायडनवर टीका केली, तिला उत्तर म्हणून ही कविता आली असं जे पुस्तक सांगतं ते जुन्या समजुतीवर चाललेलं आहे. १६८२ हे चोरून छापलेल्या प्रतीचं साल. कविता त्याआधी काही वर्षं, साधारण १६७६ पासून, हस्तलिखितांतून फिरत होती. आपल्याकडची बरीच गाइडं अजून जुनीच गोष्ट छापतात. दुसरी गोष्ट नावाची. जुन्या छपाईत शॅडवेल पूर्ण न लिहिता 'श' आणि पुढे आडवी रेघ. लय मोजली तर तिथे दोनच अक्षरावयव हवेत, म्हणजे 'शॅडवेल' असंच म्हणायचं. पण लंडनच्या रस्त्यात शॅडवेलच्या पुस्तकांच्या राशींनी वाट अडली त्या ओळीत डोळ्याला ती रेघ दिसते आणि मनात भलताच चार अक्षरी शब्द येतो. नाव पूर्ण छापणारी आवृत्ती हा घाणेरडा आणि अव्वल विनोद मारून टाकते. तिसरी, शेवट. ब्रूस आणि लाँगव्हिल यांनी रचलेला सापळा उघडतो आणि म्हातारा फ्लेक्नो भाषण करता करताच खाली जातो. ही दोघं शॅडवेलच्याच 'द व्हर्च्युओसो' नाटकातली पात्रं, तिथे ती एका वाचाळ वक्त्याला असंच फळीखाली घालवतात. शॅडवेलचीच युक्ती शॅडवेलवर. टिपेत हे नसेल तर शेवट नुसता धप्प आवाज वाटतो.

आणखी एक इशारा. 'अॅब्सलम'चा १६८२चा दुसरा भाग सरसकट ड्रायडनच्या नावावर विकला जातो. त्यातला बहुतांश नाहम टेट या दुसऱ्या कवीचा आहे. ड्रायडनच्या म्हणजे ३१० ते ५०९ या ओळी, ज्यांत शॅडवेलला ऑग आणि एल्काना सेटल या दुसऱ्या प्रतिस्पर्धी लेखकाला डोएग केलंय. तेवढ्याच वाचा, पण चुकवू नका. टेटच्या बाकीच्या ओळींसाठी पैसे मोजायची गरज नाही.

नाटकांकडे वळलं की मराठी वाचकाने 'औरंगझेब'पासून सुरुवात करावी, आणि ते केवळ आपलेपणापोटी नव्हे. ड्रायडनने यमकात लिहिलेलं हे शेवटचं नाटक नोव्हेंबर १६७५ मध्ये ड्रुरी लेनच्या थिएटर रॉयलमध्ये आलं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि औरंगजेब ड्रायडनच्या मृत्यूनंतरही सात वर्षं जगून १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. जिवंत मोगल बादशाह लंडनच्या रंगमंचावर नायक! माहिती आली ती मुख्यतः फ्रान्स्वा बर्निए याच्या प्रवासवृत्तातून, त्याचं इंग्रजी भाषांतर नुकतंच निघालं होतं.

इतिहासाच्या अपेक्षेने हे नाटक उघडलं तर दहाव्या पानावर डोक्याला हात लावाल. इथला औरंगजेब आज्ञाधारक मुलगा आहे, बापाच्या बाजूने भावांशी लढणारा. म्हातारा बादशाह मुलाच्याच प्रेयसीवर, काश्मीरच्या बंदिवान राणी इंदामोरावर, भाळतो. सावत्र आई नूरमहल मुलावर भाळते. हे मोगल दरबारातलं नव्हे, ग्रीक-फ्रेंच परंपरेतल्या फीड्राचं, सावत्र मुलावर भाळणाऱ्या राणीचं, सूत्र आहे. मोरात म्हणजे मुराद. दारा आणि शुजा बोलण्यातून भेटतात. शेवटी मोरातची बायको मेलेसिंडा सती जाते आणि बादशाह मुलाला गादी देऊन टाकतो. प्रत्यक्षात १६५८ मध्ये बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं, आणि १६६१ मध्ये मुरादचा शिरच्छेद झाला. हा उलटा आरसा ड्रायडनने का धरला याचं उत्तर दिल्लीत नाही, लंडनात आहे. वारसाचा प्रश्न तिथेही धुमसायला लागला होता.

प्रस्तावनापर पद्यातच कवी कबूल करतो की 'राइम' या आपल्या जुन्या प्रेयसीचा त्याला कंटाळा आलाय. ते नाटकात जाणवतं. वाक्यं ओळीच्या शेवटी थांबायचं नाकारतात, यमक मधेच विरून जातं. दोन वर्षांनी 'ऑल फॉर लव्ह' त्याने यमकाशिवाय लिहिलं. मोठ्याने वाचताना म्हणूनच प्रत्येक ओळीच्या टोकाला आदळायचं नाही, विरामचिन्हापर्यंत श्वास धरायचा. चौथ्या अंकातलं "व्हेन आय कन्सिडर लाइफ, टिज ऑल अ चीट" हे भाषण असं वाचून पाहा. तिथे यमक आहे हे ऐकणाऱ्याला उशिरा कळतं, आणि तेच योग्य.

आवृत्ती म्हणून रीजंट्स रिस्टोरेशन ड्रामा मालिकेतली फ्रेडरिक लिंक यांची, नेब्रास्का विद्यापीठ, १९७१. टिपा तळाशी, स्पेलिंग आजचं, पुस्तक हलकं. जुन्या पुस्तकांत शोधावी लागते. फुकट हवं असेल तर स्कॉटच्या १८ खंडांतला पाचवा प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे, त्यात 'औरंगझेब' आणि 'ऑल फॉर लव्ह' दोन्ही मिळतात. अडचण एकच, पण मोठी. एकच ओळ दोन पात्रांत वाटली जाते तेव्हा छापील पुस्तक दुसरा तुकडा उजवीकडे सरकवून छापतं. ई-पुस्तकात दोन्ही तुकडे बहुधा डाव्या कडेला येतात, आणि चार अक्षरावयवांची एक व सहाची एक अशा दोन लंगड्या ओळी दिसतात. त्या जोडून वाचायच्या. बेरीज दहा झाली की पात्रं एकमेकांची ओळ तोडून घेतायत हे कानाला कळतं. बेरीज जमत नसेल तर 'हेवन' एका अक्षरावयवात, 'पॉवर' एका, 'व्हिगरस' दोन, असं आवळून बघा.

स्कॉटच्या टिपा १८०८च्या आहेत. गोष्टीवेल्हाळ, चरित्रांनी भरलेल्या, वाचायला मजेदार आणि तारखांच्या बाबतीत जपून घ्यायच्या. मूळ स्पेलिंग आणि विरामचिन्हं बघायची असतील तर जुन्या छापील इंग्रजी पुस्तकांच्या ईबो-टीसीपी या डिजिटल संग्रहातले मजकूर २०१५ पासून खुले आहेत. स्वल्पविरामाची शंका तिथे फिटते. पण तिथे संपादक नाही, म्हणजे छापखान्यातल्या चुकाही जशाच्या तशा.

त्याच काळातला कवी, अर्ल ऑफ रॉचेस्टर, याच्याकडे जायचं असेल तर पॉल डेव्हिस यांचा २०१३चा ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्समधला निवडक संग्रह घ्या. हा अर्ल १६८० मध्ये वयाच्या ३३व्या वर्षी गेला आणि त्याच वर्षी त्याच्या नावावर जे पुस्तक निघालं त्यात इतरांच्या कविता बेधडक घुसडलेल्या होत्या. १६९१ मध्ये प्रकाशक टॉन्सनने काढलेलं पुस्तक उलट सोवळं, कात्री लावलेलं. त्यामुळे कुठली कविता खरोखर त्याची, हे न सांगणारा रॉचेस्टर घेण्यात अर्थ नाही. निनावी राजकीय पद्यांचा येल विद्यापीठाचा सात खंडी संग्रह ग्रंथालयात चाळावा. घरासाठी जॉर्ज लॉर्ड यांनी त्यातून काढलेला १९७५चा एकखंडी वेचा शोधा, आणि तोही आधी कवी मार्व्हेलच्या 'लास्ट इन्स्ट्रक्शन्स टू अ पेंटर'च्या पानावर उघडून, टिपा कुठे आहेत ते बघून.